रुएदा: ‘दामे’ पुकारला की गोल बिघडतो, काय चुकतंय?

डावा_पाय
बाणेरला सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आम्ही सहा जोड्या रुएदा दे कासीनो (गोलात उभं राहून, पुकारलेल्या कॉलप्रमाणे जोडीदार बदलत करायचा क्यूबन नाच) शिकतोय. ग्वापेआ (मूळ मागे-पुढे पाऊल) आणि दीले के नो (लीडर, म्हणजे नाच चालवणारा, फॉलोअरला म्हणजे त्याच्या जोडीदाराला उजवीकडून डावीकडे आणतो) जोडीपुरतं बरं जमतं. पण ‘दामे’ (लीडरने पुढच्या फॉलोअरकडे जायचा कॉल) आला की दोन लीडर एकाच फॉलोअरपाशी पोचतात, कुणीतरी एकटी उरते, आणि दोन-तीन दामेंत गोल एका कोपऱ्यात सरकलेला असतो. लीडरने आठ काउंटांतल्या १ वर निघायचं की ५ वर? व्हिडिओंत दोन्ही दिसतं. आणि कॉल कधी द्यायचा?

कासीनोप्रेमी_कोथरूड
दोन्ही चालतं, पण एका गोलात एकच पद्धत हवी. काही जण १-२-३ मध्ये पुढच्या फॉलोअरकडे जातात आणि ५-६-७ मध्ये लगेच दीले के नो उरकतात. नवख्यांना ते घाईचं होतं. तुम्ही १६ काउंटांचा दामे घ्या.

पहिले आठ, लीडर: १ ला डावा मागे, २ ला वजन परत उजव्यावर, ३ ला डावा जागेवर. म्हणजे नेहमीचा ग्वापेआच, फक्त ३ वर हात सोडायचा. सोडायचा म्हणजे बोटं सैल करायची. ओढत नेलात तर ती तुमच्यामागे अर्धा पाऊल येते आणि तिची जागा मोडते. ४ ला थांबायचं. मग ५ उजवा, ६ डावा, ७ उजवा, उजवीकडच्या फॉलोअरकडे. (मध्याकडे तोंड करून उभे राहिलात तर जी तुमच्या उजव्या हाताला आहे ती. वरून पाहिलं तर लीडर घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात.) ७ ला तुमचा उजवा हात तिच्या डाव्या खांद्याखाली, पाठीवर. ८ ला थांबून पुढच्या आठांत दीले के नो.

५ वर निघण्याचा फायदा असा की तेव्हा उजवा पाय मोकळा असतो आणि जायचंही उजवीकडेच असतं, त्यामुळे पाय पायात अडकत नाही. ४ वरच निघालात तर एक पाऊल जास्तीचं पडतं, १ ला चुकीचा पाय हाती येतो आणि दीले के नोमध्ये समोरचीच्या बोटांवर पाय.

फॉलोअरने नव्या लीडरला सामोरं जायचं नाही. १ ला उजवा मागे, २-३ जागेवर, ५-६-७ लहान पावलांत फक्त डावीकडे वळायचं, कारण तो डावीकडून येणार. तुमचा गोल सरकतो तो बहुधा इथे.

पण दोन लीडर एकीपाशी पोचतात त्याचं मूळ दामेत नाही, आधीच्या दीले के नोमध्ये आहे. दीले के नोचं कामच मुळी फॉलोअरला लीडरच्या उजवीकडून डावीकडे आणणं. ते अर्धवट राहिलं तर ती उजवीकडेच उरते. पुढच्या दामेला तो लीडर उजवीकडे बघतो, तीच दिसते, पुन्हा तिलाच धरतो. मागचा लीडर तिच्यासाठीच येत असतो. पुढची बिचारी एकटी. तेव्हा जिथे गोंधळ *दिसतो* तिथे नाही, त्याच्या आधीचे आठ काउंट बघा.

अर्धवट राहण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: लीडर ३ ला वाट मोकळी करत नाही. १ ला डावा थोडा पुढे, २ ला उजव्यावर परत, ३ ला डावा मागे घेत अंग डावीकडे उघडायचं. मग ५-६-७ मध्ये ती तुमच्या समोरून सरळ चालत जाते आणि ७ ला डावीकडे वळून तुमच्याकडे तोंड करते. तुम्ही भिंतीसारखे उभे राहिलात तर ती जाणार कुठून?

आठ_काउंट
वरच्याशी सहमत. कॉलबद्दल माझे दोन पैसे.

१६० बीपीएमच्या (मिनिटाला १६० बीट) गाण्यात आठ बीट म्हणजे ३ सेकंद. ५ वर ओरडलात तर पुढच्या १ पर्यंत दीड सेकंद मिळतो. २०० बीपीएमला जेमतेम १.२. नवख्या गटासाठी आदल्या ग्वापेआच्या १ ते ४ मध्ये कॉल पुरा व्हावा. ७ वर सुचलं तर गप्प बसा, पुढच्या आठांत पुकारा. अर्धा गोल निघाला आणि अर्धा थांबला, हा कॉलरचा गुन्हा असतो, नाचणाऱ्यांचा नाही. पन्नासच्या दशकात हवानाच्या कासीनो देपोर्तीवो क्लबाच्या आसपास हा प्रकार रुजला, तेव्हापासून गोलाचा ताबा पुकारणाऱ्याकडेच आहे.

क्लबहाउसच्या टाइल्समुळे आवाज घुमतो, म्हणून कॉलबरोबर एक बोट वर करा. स्पीकर कॉलरच्या शेजारी ठेवू नका.

फरशीवर_फिरकी
गोलाचा आकार कुणी बोललंच नाही. एका जोडीला परिघावर साधारण १.७ मीटर धरा. सहा जोड्यांना सव्वातीन मीटर व्यासाचा गोल पुरतो, शिवाय १ च्या मागच्या पावलासाठी बाहेर अर्धा-पाऊण मीटर. मास्किंग टेपने गोल आखून घ्या. त्याहून मोठा झाला की लीडरला तीन पावलांत पोचता येत नाही, तो धावतो, आणि ताल जातो.

पायात जाड रबरी तळव्याचे स्पोर्ट्स शूज नकोत. गुळगुळीत टाइलवर तळवा चिकटून राहतो आणि वळताना पीळ गुडघ्याला पडतो.

तपासायची सोपी युक्ती: एक ग्वापेआ, एक दामे असं सहा वेळा. सहाव्याला मूळचीच जोडी समोर यायला हवी. १६० ला हे सगळं ५४ सेकंदांत होतं. नाही आली तर पुन्हा करा, पण प्रत्येक दीले के नोनंतर गाणं थांबवून फॉलोअर आपापल्या लीडरच्या डावीकडे आहेत का ते पाहा.

डावा_पाय
धन्यवाद, दीले के नोच संशयित वाटतंय. आमच्यात एक मुलगी जास्त आहे, तिचं काय करावं? आणि ‘दामे दोस’ कधी घ्यायचा?

कासीनोप्रेमी_कोथरूड
रोज एक मुलगी बाहेर बसेल असं करू नका, तिच्या जोडीला आणखी एक मुलगी घ्या. दोघींपैकी एकीला लीडर करा, मनगटाला रंगीत पट्टी बांधा, म्हणजे येणाऱ्याला लांबून कळतं कुणाकडे जायचं नाही. सातवी जोडी आली की टेपचा गोल ३.८ मीटरचा करा. दामेला जोड्या सम की विषम, फरक पडत नाही.

दामे दोसमध्ये एक फॉलोअर सोडून पुढचीकडे जायचं, तेही त्याच ५-६-७ मध्ये, म्हणजे दुप्पट अंतर. सहाव्याला मूळ जोडी चुकत असेल तोवर नको. घ्याल तेव्हा मधल्या फॉलोअरच्या समोरून, गोलाच्या आतून जा, आणि कॉलरने दोन बोटं दाखवावीत.