मॉली ब्रँट: कारभारीण की मुत्सद्दी?

रानवारा (धागालेखक)

सर विल्यम जॉन्सन 11 जुलै 1774 रोजी गेला. उत्तर अमेरिकेतल्या ब्रिटिश मुलखात मूळ रहिवाशांशी सगळा व्यवहार बघणारा हा बडा अधिकारी. त्याच्या मृत्युपत्रात मॉली ब्रँटचा उल्लेख आहे तो ‘माझी शहाणी आणि विश्वासू हाउसकीपर’ असा. पंधरा वर्षांचा संसार, आठ मुलं, आणि शेवटी कागदावर ‘हाउसकीपर’!

आता दुसरा कागद. जॉन्सनचा जावई डॅनियल क्लॉस लिहितो की तिच्या एका शब्दाने तिच्या लोकांमध्ये जे होतं, ते कुठल्याही गोऱ्या माणसाच्या हजार शब्दांनी होत नाही. जावयाला सासऱ्याच्या ‘हाउसकीपर’चं कौतुक करायची काही गरज नव्हती.

मॉली मोहॉक होती. जन्म 1736 च्या आसपासचा, वाढली न्यूयॉर्कच्या मोहॉक खोऱ्यात, कॅनाजोहारीला. मोहॉक म्हणजे इरोक्वाय महासंघातल्या सहा राष्ट्रांपैकी एक. इरोक्वाय स्वतःला ‘लांब घराचे लोक’ म्हणतात. त्यांच्यात कूळ आईकडून चालतं. घर आणि शेत बायकांचं असे. सरदार कोण होणार हे कुळातली वडीलधारी बाई ठरवते, आणि नालायक ठरला तर पदावरून उतरवतेही. लढाई नको असेल तर बायका शिधा देत नसत. मक्याच्या पिठाशिवाय कुठला योद्धा किती दिवस चालेल?

माझं म्हणणं एवढंच की मॉलीचं वजन जॉन्सनमुळे नव्हतं, उलट जॉन्सनचं वजन बरंचसं तिच्यामुळे होतं. अठरा-एकोणीस वर्षांची असताना ती मोहॉक वडीलधाऱ्यांबरोबर फिलाडेल्फियाला गेली होती, फसवून लिहून घेतलेल्या जमिनींच्या तक्रारीसाठी. अमेरिकन क्रांतीत तिने ब्रिटिशांची बाजू घेतली ती नवऱ्याच्या आठवणीत झुरत नव्हे, तर जमीन कोण खातंय हे उघड्या डोळ्यांनी बघून. तिला ‘ब्रिटिशांची हस्तक’ म्हणणाऱ्यांनी हे आधी खोडून दाखवावं.

जुनाट_कागद

खोडतो.

जमीन कोण खात होतं? सगळ्यांत मोठा घास जॉन्सनचाच होता. 1768 चा फोर्ट स्टॅनविक्सचा तह त्यानेच घडवला. लंडनने सांगितलं होतं त्यापेक्षा जास्त जमीन त्यात सोडवून घेतली, आणि ओहायो नदीच्या दक्षिणेचा जो मुलूख गेला तिथे शिकार शॉनी लोक करत होते. सही इरोक्वायांची, शिकार शॉनींची, फायदा जमीनवाल्यांचा. हे चालू असताना मॉलीबाई त्याच्या वाड्यात, जॉन्सन हॉलमध्येच होत्या ना?

दुसरं, 1777 ची सभा. महासंघातल्याच सेनेका लोकांचा म्हातारा युद्धनेता सायेनक्वेराघ्टा म्हणाला, अमेरिकनांशी समेट करूया. मॉली भर सभेत उभी राहिली, सर विल्यमचं नाव घेऊन रडली, त्याला दिलेल्या वचनांची आठवण करून दिली. सभा फिरली. दोन वर्षांनी, 1779 मध्ये, वॉशिंग्टनच्या हुकमाने अमेरिकन सेनापती सुलिव्हन निघाला आणि इरोक्वायांची चाळीस गावं जाळली. पिकं जाळली, फळझाडं मुळापासून तोडली. त्या हिवाळ्यात हजारो माणसं नायगाऱ्याच्या किल्ल्याभोवती उपाशी बसली होती.

मेलेल्या नवऱ्याच्या नावाने राष्ट्राला लढाईत लोटणाऱ्या बाईला मुत्सद्दी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

माळीवाडा

लढाईचं तुमचं तुम्ही बघा, मला त्या शब्दाचं बोलायचंय. ‘हाउसकीपर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झाडू येतो. माझे आजोबा आजीला आयुष्यभर ‘कारभारीण’ म्हणाले. कणगीतली पायलीभर ज्वारी काढायची तर आजीला विचारून. बैल विकायला नेताना आजी ओट्यावरून नुसती बघायची, आणि आजोबा बैल परत आणून दावणीला बांधायचे. तलाठ्याच्या दप्तरात मात्र आजीचं नाव कुठेच नाही.

जॉन्सन हॉल हा नुसता वाडा नव्हता. त्याच्या आवारात शेकडो इरोक्वाय पाहुणे मुक्कामाला असायचे, सभा चालायच्या. कुणाला आधी भेटवायचं, कुणाला घोंगडी द्यायची, कुणाचा रुसवा काढायचा, हे ज्या बाईच्या हातात, ती त्या कचेरीची अर्धी मालकीण. माझं मत: कारभारीण. आणि तो कमीपणा नाही.

पेठेतला

वाचताना मस्तानी आठवली. तेच ‘लग्नाची की बिनलग्नाची’.

रानवारा

@पेठेतला: नको हो. समशेरबहादूर पानिपतात जखमी होऊन गेला तरी लोकांच्या तोंडी ‘मस्तानीचा मुलगा’च राहिला. मॉलीची मुलं मोहॉकांच्या लेखी अनौरस ठरूच शकत नव्हती. आई ज्या कुळाची, त्या कुळाची ती. अनौरसपणा जॉन्सनच्या बाजूच्या कायद्यात होता. त्याची ‘सर’की मिळाली जर्मन मोलकरणीपासून झालेल्या थोरल्या मुलाला, जॉनला.

@जुनाट_कागद: सभेतल्या रडण्यावर तुम्ही फार घाई केलीत. इरोक्वायांची कुठलीही मोठी सभा शोकविधीने सुरू होते. समोरच्याचे डोळे पुसायचे, कान मोकळे करायचे, घसा साफ करायचा, प्रत्येक मुद्द्यासोबत वॅम्पमची, म्हणजे शिंपल्याच्या मण्यांची, माळ किंवा पट्टा द्यायचा. हे झाल्याशिवाय कामकाज नाही. जॉन्सनही हे सगळं रीतसर करायचा, म्हणून तर टिकला. मेलेल्याचं नाव घेणं आणि दिलेल्या शब्दाची आठवण काढणं हीच तिथली राजकीय भाषा. तुम्ही तिला बायकी रडारड समजलात.

जुनाट_कागद

शोकविधी मलाही माहीत आहे. त्यात डोळे पुसतात ते कशासाठी? दुःखाने बुद्धी झाकोळू नये आणि सुडाची साखळी तुटावी यासाठी. महासंघाच्या उभारणीचा पायाच तो. मॉलीने तो विधी उलटा वापरला. पुसायचे ते अश्रू लढाईसाठी ढाळले. भाषा तिथलीच, पण वापर विरुद्ध.

आणि मी ‘बायकी’ हा शब्द वापरलेला नाही. तो तुमचा.

रानवारा

शब्द मागे घेतो. मुद्दा नाही.

तिसरी_बाजू

तुम्ही दोघं ‘तिचे लोक’ म्हणताय ते नक्की कोण? 6 ऑगस्ट 1777, ओरिस्कनी. ब्रिटिशांनी फोर्ट स्टॅनविक्सला वेढा घातलेला. तो फोडायला अमेरिकन बाजूचा सेनानी हर्किमर आठशेच्या आसपास माणसं घेऊन निघाला. मॉलीने धावणारे निरोपे पाठवून आधीच कळवलं, आणि ओढ्याच्या घळीत सापळा लागला. हर्किमरला जिवावरची जखम झाली, त्याची माणसं ढीगाने पडली. इथपर्यंत शौर्यकथा.

पण हर्किमरच्या बाजूने ओनायडा लढत होते. ओनायडा म्हणजे त्याच महासंघातलं राष्ट्र, त्याच लांब घरातले! समोरून सेनेका आणि मोहॉक. त्यानंतर ओनायडांचं गाव जाळलं गेलं, आणि ओनायडांनी उलट येऊन कॅनाजोहारीला मॉलीचं घर लुटलं. मुलांना घेऊन तिला पळावं लागलं, आधी ओनोंडागाला, मग कायुगांकडे, मग नायगाऱ्याला. गोऱ्यांच्या भाऊबंदकीत यांची भाऊबंदकी झाली. ती इतिहासात ‘निष्ठावंत’, ओनायडा ‘देशभक्त’, आणि दोन्ही पदव्या देणारे तिसरेच.

आणखी एक, कुणी काढलंच नाही म्हणून. ज्या मृत्युपत्राने धागा सुरू झाला त्यातच मॉलीला जमीन, न्यूयॉर्कच्या चलनात 200 पाउंड, आणि जेनी नावाची काळी गुलाम बाई दिली आहे. माळीवाडा, तुमच्या कारभारणीच्या हाताखाली कोण राबत होतं, तेही कणगीबरोबर मोजा.

माळीवाडा

हे टोचलं. आजीच्या ओट्याखालीही एक बाई बसायची. तिला चहा वेगळ्या कपात मिळायचा. तिचं नाव मला आठवत नाही.

टोरांटोकर

इकडून अडीच तासांवर किंग्स्टन. मॉलीचं शेवटचं आयुष्य तिथे गेलं. सरकारने घर बांधून दिलं, वर्षाला 100 पाउंड पेन्शन दिली, 16 एप्रिल 1796 ला तिथेच गेली. तिचं एकही चित्र उपलब्ध नाही. 1986 मध्ये कॅनडाने 34 सेंटचं तिकीट काढलं, त्यावरचा चेहरा चित्रकाराच्या मनातला.

लढाईच्या काळात ती कार्लटन बेटावर होती. तिथला ब्रिटिश अधिकारी फ्रेझर वर कळवतो की तिचा प्रभाव सगळ्या सरदारांचा मिळून होईल त्याहून जास्त आहे. पण 1783 च्या पॅरिसच्या तहात इरोक्वायांबद्दल एक ओळ नाही. ज्यांच्यासाठी गावं गेली त्यांनीच कागदावरून पुसलं. धाकटा भाऊ जोसेफ ब्रँट याने नंतर ग्रँड नदीकाठी जमीन मिळवली, ती भांडून.

अवांतर: अपर कॅनडाचे (आताचं ऑन्टारिओ) लेफ्टनंट गव्हर्नर सिम्को यांच्या बायकोने रोजनिशीत लिहिलंय की नवऱ्याचा खोकला काही केल्या जाईना, तेव्हा ब्रँटच्या बहिणीने एक मूळ दिलं आणि थोड्याच वेळात आराम पडला. ते मूळ बहुधा कॅलॅमस असावं, असंही बाईंनी नोंदवलंय. कॅलॅमस म्हणजे आपलं वेखंड! बाळाच्या गुटीतलं वेखंड सहाणेवर उगाळताना माझ्या सासूबाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, “मग त्यात काय, खोकल्याला वेखंडच देतात.”

रानवारा

वेखंडासाठी धन्यवाद. अजून एक भर घालतो. लढाई संपल्यावर अमेरिकनांनी तिला परत बोलावलं, नुकसानभरपाई देऊ केली. तिने तुच्छतेने नाकारली. ब्रिटिशांनी दगा दिल्यानंतरही. नुसतं पोट भरायचं असतं तर दोन्हीकडचे पैसे घेता आले असते.

जुनाट_कागद

नकार खरा, मान्य. मुत्सद्दी हेही मान्य करतो. इतक्यांना इतकी वर्षं हलवणं हे रडून होत नाही. पण फक्त ‘तिच्या लोकांसाठी’ हे अजून पटलेलं नाही. ओनायडांचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही. आणि जेनीचं तर कुणीच नाही.