कुलूप किल्लीविना उघडण्याचा छंद: सुरुवात कोणत्या कुलपापासून करावी?

मुळाकाठ

नमस्कार. गेले दोन महिने मी किल्लीविना कुलूप उघडण्याचा छंद शिकतो आहे. ऑनलाइन मागवलेल्या हत्यारांच्या संचासोबत एक पारदर्शक कुलूप आले होते आणि ते आता अर्ध्या मिनिटात उघडते. मात्र घरातल्या जुन्या, सात लिव्हरच्या (म्हणजे आत सात हलत्या पट्ट्या असलेल्या) कुलपावर रोज तासभर बसूनही काहीच हलत नाही. काल त्या खटपटीत हूक (वाकड्या टोकाची बारीक सळई) मोडला आणि त्याचा तुकडा आतच राहिला. हे कुलूप कोणत्याही दाराला लावलेले नाही. माझे नेमके काय चुकते आहे आणि पुढे कोणती कुलपे घ्यावीत, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पितळी_गाभा

आपली पहिली चूक कुलपाच्या निवडीत झाली आहे. संचातली हत्यारे पिनच्या, म्हणजे आत स्प्रिंगवर बारीक पिना बसवलेल्या, कुलपासाठी असतात, तर आपल्याकडची बरीचशी जुनी, भक्कम कुलपे लिव्हरची असतात. किल्ली पाहिली की हा फरक बहुतेक वेळा ओळखता येतो: गोल दांडी आणि टोकाला खाचा पाडलेले पाते असेल तर कुलूप लिव्हरचे, आणि चपट्या पट्टीच्या एका कडेला करवतीसारखे दाते असतील तर ते बहुधा पिनचे. लिव्हरच्या कुलपात ताण (फिरवण्यासाठीचा जोर) आतल्या बोल्टवर, म्हणजे कुलूप अडवणाऱ्या दांड्यावर, द्यावा लागतो आणि त्याचे हत्यारच वेगळे असते. १८५१ साली लंडनमध्ये महाप्रदर्शन भरले असताना आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकी कुलूपतज्ज्ञाने चब या इंग्रज कुलूपनिर्मात्यांचे नामांकित लिव्हर कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडले होते, पण तो या विद्येत मुरलेला माणूस होता. ब्रामा या दुसऱ्या कुलूपनिर्मात्यांच्या वेगळ्या रचनेच्या कुलपासाठी तर त्यालाही १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. तेव्हा आपले लिव्हर कुलूप तूर्त बाजूला ठेवावे.

पारदर्शक कुलूपही आता बाजूला ठेवावे. आत काय घडते हे एकदा समजून घेण्यापुरते ते उत्तम आहे, परंतु त्याने डोळे शिकतात, बोटे शिकत नाहीत, आणि हा सगळा छंद बोटांचा आहे.

पिनच्या कुलपाचे मर्म असे की, कारखान्यात भोके कितीही काळजीपूर्वक पाडली तरी ती तंतोतंत एका रेषेत येत नाहीत. त्यामुळे फिरणाऱ्या गाभ्यावर (किल्ली जाते त्या आतल्या भागावर) हलका ताण दिला की सगळ्या पिना एकदम न अडकता आधी एकच अडकते. बाकीच्या पिना स्प्रिंगवर सहज खालीवर होतात आणि ही एकटी घट्ट लागते. तिला हळूहळू वर सारत गेले की बोटाला बारीकशी ‘टक्’ जाणवते, गाभा केसभर फिरतो, आणि मग पुढची पिन अडकते. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते, कारण ते ताण फार देतात. जास्त ताणाखाली दोन-तीन पिना एकत्र घट्ट होतात, कोणती अडकली आहे हे कळेनासे होते, आणि जोर लावला की पिन हवी त्याहून वर जाऊन तिथेच रुतते. तसे झाले तर ताण पूर्ण सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. ताण देणाऱ्या बोटाचे नख पांढरे पडत असेल, तर ताण निश्चितच जास्त आहे. माझे पहिले तीन हूक याच कारणाने मोडले.

शक्य असल्यास दाराच्या कुलपाचे साधे सिलिंडर (गाभा आणि पिना असलेला भाग) हार्डवेअरच्या दुकानातून सुटे घ्यावे, मात्र पात्याच्या सपाट बाजूला खड्डे असलेल्या किल्लीचे घेऊ नये. ते उघडून, एक सोडून सगळ्या पिना काढून ठेवाव्यात आणि मग एकेक वाढवत जावे. उघडताना खाली टॉवेल अंथरावा, कारण स्प्रिंगा उडतात.

मोडलेला तुकडा काढण्यासाठी किल्लीचे छिद्र खाली करून कुलूप लाकडावर हळू आपटून पाहावे. नाहीच निघाला तर टोकदार चिमटा वापरावा.

कडीकोयंडा

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. जगभरचे छंदिष्ट दोन नियम पाळतात: जे कुलूप आपले नाही, त्याला मालकाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही, आणि जे वापरात आहे ते उघडायचे नाही, मग ते आपले का असेना. दुसरा नियम मी मोडला होता. सरावासाठी मी स्वतःच्या घराच्या दारावर बसलो, एक पिन रुतली आणि त्यानंतर मूळ किल्लीही फिरेना. घरात वयस्कर आई होती आणि मी बाहेर. रात्री दहा वाजता कारागीर आणून सिलिंडर बदलावे लागले.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. हा संच खिशात किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवून फिरू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचे हत्यार कायदेशीर कारणाशिवाय जवळ बाळगणे हा गुन्हा आहे, आणि तसे कारण होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावरच असते.

मुळाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पाटावर आठ-दहा वेळा आपटल्यावर तुकडा निघाला. संच आता टेबलाच्या खणात असतो. काल सिलिंडर आणले आणि त्यात दोनच पिना ठेवल्या आहेत. पहिल्या अर्ध्या तासात नख पांढरे पडल्याचे तीनदा लक्षात आले. चौथ्यांदा बोट जवळजवळ नुसते टेकवले, तेव्हा ती ‘टक्’ प्रथमच जाणवली.