मदत हवी आहे: बास्केटबॉलचे जुने नियम खेळवायचे आहेत

नमस्कार मंडळी. शाळेतल्या मुलींना बास्केटबॉलच्या जन्माची गोष्ट सांगायची आहे. हा खेळ शोधून काढणाऱ्या जेम्स नेस्मिथ सरांचा भाग तयार आहे: डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड, व्यायामशाळेच्या सज्जाला १० फुटांवर ठोकलेल्या पीचच्या टोपल्या, १३ नियम, फुटबॉलचा चेंडू.

अडलंय ते पुढे. अमेरिकेतल्याच स्मिथ कॉलेज या मुलींच्या कॉलेजातल्या व्यायामशिक्षिका सेंडा बेरेन्सन बाईंनी मुलींसाठी नियम बदलले. मैदानाचे तीन भाग, आपला भाग सोडायचा नाही, चेंडू हिसकावायचा नाही, हातात तीन सेकंदांहून जास्त ठेवायचा नाही. (मुलींना फार दमवू नये म्हणे!) हे प्रत्यक्ष खेळवायचंय, पण आमच्याकडे अर्धंच मैदान आहे आणि रिंगही एकच. तीन भाग कसे आखू? मधल्या भागातल्या मुली नुसत्या उभ्या राहणार नाहीत, यासाठी काय करावं? कुणी असं खेळवलंय का?