मेजर राम राघोबा राणे आणि आपल्या घरांतील दिवंगत सैनिक : आठवणी लिहाव्यात

अंदमानच्या सहलीची आखणी करताना नकाशात मेजर राम राघोबा राणे यांच्या नावाचे बेट दिसले आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्समध्ये (सैन्याच्या अभियंता दलात) नोकरी केलेले माझे वडील आठवले. राणेसाहेबांचे नाव ते फार आदराने घेत. एप्रिल १९४८ मध्ये, काश्मीरच्या युद्धात, नौशेरा-राजौरी रस्त्यावरील सुरुंग आणि अडथळे काढण्याचे काम राणेसाहेबांच्या तुकडीकडे होते. ८ तारखेला काम सुरू होण्यापूर्वीच उखळी तोफांच्या माऱ्यात दोन जवान ठार झाले आणि राणेसाहेबांसह पाच जण जखमी झाले. तरीही उरलेल्या माणसांना घेऊन ते रात्री दहापर्यंत, शत्रूच्या मशीनगनसमोर, रणगाड्यांसाठी वळणरस्ता करीत राहिले. ११ तारखेला त्याच वाटेवरील चिंगसपर्यंतचा रस्ता मोकळा झाला. त्यांना परमवीर चक्र मिळाले, पण रणगाड्याच्याही पुढे जमीन चाचपत जाणाऱ्या सॅपरविषयी आपण फार कमी लिहितो, याची मला खंत वाटते. आपल्या माणसांविषयी इथे अवश्य लिहावे.

प्रतिसाद :
ताई, आमचे आजोबा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. राणेसाहेबही तिथल्या आराकान भागात लढले होते. त्याच भागातल्या बुथिडाँगला मागे ठेवलेल्या त्यांच्या तुकडीला न्यायला नौदल पोहोचू शकले नाही, तेव्हा जपान्यांची गस्त असलेली नदी ओलांडून ते आपल्या डिव्हिजनला जाऊन मिळाले. आजोबा मात्र लढाईपेक्षा पाऊस, जळवा आणि मलेरिया यांविषयीच अधिक बोलत.

प्रतिसाद :
मलेरियावरून आठवले. तिथे सैनिकांना मलेरियावर मेपाक्रिनच्या गोळ्या देत आणि त्यांनी कातडी पिवळी पडे. चुलत आजोबा रजेवर आले, तेव्हा आजीने कावीळ समजून त्यांचे तेलतूप बंद केले होते.

प्रतिसाद :
माझे सासरे १९७१ मध्ये शकरगड भागात इंजिनिअर्सबरोबर होते. बसंतर नदीजवळच्या सुरुंगक्षेत्रातून वाट पूर्ण साफ होण्याआधीच पूना हॉर्स या रेजिमेंटचे रणगाडे पुढे गेले, हे सांगताना त्यांचा आवाज दर वेळी बदलत असे. नंतर आयुष्यभर ते अनोळखी माळावर नातवंडांना स्वतःच्या पुढे धावू देत नसत. कारण विचारले, तर नुसते हात धरून ठेवत.

प्रतिसाद :
आजोबांचा सैन्यातला नंबर आणि ते बॉम्बे सॅपर्समध्ये होते, एवढेच आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या नोकरीची माहिती कुठे मिळू शकेल?

प्रतिसाद :
दादा, नंबर आहे हे उत्तम झाले. खडकीच्या अभिलेख कार्यालयाला तो नंबर आणि आपले नाते कळवून पत्र लिहा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही चौकशी करता येईल. घरात जुने डिस्चार्ज बुक (सेवामुक्तीचे पुस्तक) सापडले, तर त्याची प्रत सोबत जोडा.