मदत हवी आहे: ५०० जीबी डिस्कचा बूट होणारा क्लोन ४८० जीबी एसएसडीवर कसा घ्यावा?

नमस्कार मंडळी,

बार्शीत आमचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं असं काम. डिझाइनचं सगळं एकाच डेस्कटॉपवर चालतं: विंडोज १०, पेजमेकर, कोरल, श्री-लिपी. गेल्या वर्षी ऐन लग्नसराईत त्याची हार्ड डिस्क गेली. फायली बाहेरच्या डिस्कवर होत्या, त्या वाचल्या. पण विंडोज, फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर, जुन्या प्रोग्रामचे परवाने परत बसवण्यात चार दिवस गेले आणि तीन पत्रिकांची कामं हातची गेली. वडील त्या चार दिवसांत धड जेवले नाहीत. म्हणून आता नुसत्या फायलींची नाही, अख्ख्या डिस्कची नक्कल हवी आहे. जुनी काढली, नवी लावली, बटण दाबलं की काम सुरू.

पूर्वी सगळे मॅक्रियम रिफ्लेक्ट या डिस्कची नक्कल घेणाऱ्या प्रोग्रामची मोफत आवृत्ती सुचवायचे, ती आता बंद झाली. म्हणून त्याच कामाचं मोफत क्लोनझिला पेनड्राइव्हवरून चालवलं. ते विंडोजच्या बाहेरून काम करतं आणि डिस्कवरचे भरलेले ब्लॉकच उचलतं, हे आवडलं. पण भरलेली जागा जेमतेम १८० जीबी असूनही एसएसडी लहान आहे म्हणून अडलं. रेस्क्यूझिलाने (क्लोनझिलासारखाच मोफत प्रोग्राम) हे जमेल का? की पैसे भरून दुसरं काही घ्यावं? डिस्क एमबीआर (विभागणीची जुनी पद्धत) आहे, सी आणि डी असे दोन भाग.

प्रतिसाद १
ताई, पैसे भरू नका. रेस्क्यूझिलाचे पडदे सोपे आहेत, पण ठरलेली अट तीच: नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी हवी. तुमचा डी भाग शेवटी असेल तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून तो श्रिंक (लहान) करा, डिस्कच्या शेवटी ६० जीबी मोकळे राहू द्या. मग क्लोनझिलाच्या एक्सपर्ट मोडमध्ये 'आयसीडीएस' (-icds) पर्याय निवडा, म्हणजे डिस्कचा आकार तपासला जाणार नाही. स्रोत आणि लक्ष्य निवडताना मॉडेल नंबर दोनदा वाचा, उलटं झालं तर सगळं पुसलं जाईल. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढूनच ठेवा. दोन्ही डिस्कची सही (ओळख क्रमांक) एकच असते, विंडोज गोंधळतं.

प्रतिसाद २
वरचं बरोबर आहे, पण क्लोनवर थांबू नका. आज एखादी फाइल बिघडली आणि उद्या क्लोन घेतला, तर बिघडलेलीच फाइल तिकडे जाईल. दर पंधरवड्याला रेस्क्यूझिलाने इमेज (अख्ख्या डिस्कची फायलींच्या रूपात साठवलेली नक्कल) दुसऱ्या डिस्कवर घ्या, मागच्या दोन-तीन ठेवा. ती डिस्क एरवी संगणकाला जोडलेली नको, नाहीतर रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) तिलाही गाठेल.

धागाकर्ती
झालं! डी श्रिंक केला, काल रात्री क्लोन लावला, सकाळी जुनी डिस्क काढून एसएसडी जोडली. विंडोज उघडलं, पेजमेकरमधला मराठी मजकूर जसाच्या तसा. वडिलांनी लगेच एक पत्रिका छापून बघितली. जुनी डिस्क तारीख लिहून कपाटात ठेवली आहे. इमेजसाठी १ टीबीची बाहेरची डिस्क घेते आहे. दोघांचेही मनापासून आभार.