मदत हवी आहे: पाच वर्षांचा भाचा सारखा दचकतो, कुठे दाखवावं?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो. नणंदेचा मुलगा दिवाळीपासून आमच्याकडेच आहे. त्याच्या घरी बाप रोज पिऊन यायचा, दोघांनाही मारायचा. (नणंद अजून तिथंच आहे, तो वेगळा विषय.) आता आमच्या दारात कुणाची फटफटी थांबली की पोरगं भरलं ताट सोडून कोठीमागं जाऊन बसतं. रात्री अंथरूण ओलं. सासूबाई म्हणतात नजर काढा, मोठा झाला की विसरेल. मला नाही पटत.

फेलिटी आणि आंडा या डॉक्टरांनी अमेरिकेत हजारो मोठ्या माणसांचं बालपण तपासलं, 1998 साली ते छापून आलं, असं वाचलं. मारहाण, घरातली दारू असं जितकं जास्त, तितकं पुढे नैराश्य, व्यसन, अगदी हृदयविकारही जास्त. सततच्या भीतीनं शरीरातलं कॉर्टिसॉलचं (ताणाच्या वेळी वाढणाऱ्या हार्मोनचं) गणितच बिघडतं म्हणे. रोमानिया देशातल्या बुखारेस्टच्या अनाथाश्रमातली जी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आत चांगल्या घरी गेली, ती जास्त सावरली. हा तर पाचाचा! उशीर झाला का?

यवतमाळला सरकारी रुग्णालयात लहान मुलांना कुणी दाखवलंय का? सोयाबीनच्या हंगामात नागपूरच्या फेऱ्या जमणार नाहीत. टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) 14416 वर मुलाबद्दल कुणी बोललंय का, काय सांगतात? आणि बापाचे फोन येतात, पोराला बोलू द्यावं की नाही?