अनुभव धागा: कंपास, पट्टी आणि न जमलेले त्रिकोण

परवा रात्री कोपरखैरण्याच्या घरी लेकीची नववीची त्रिकोण रचना घेऊन बसले. पाया बक ६ सेमी, ब कोन ६०°, उरलेल्या दोन बाजूंची बेरीज ९. मी आपली ९ ची वाटणी करतेय, ४ आणि ५, साडेतीन आणि साडेपाच. शेवटी लेकच वैतागली, "आई, अंदाज नको, बेरीज अख्खी काढ." मग ६०° च्या किरणावर बपासून थेट ९ सेमीवर ड घेतला, क आणि ड जोडले, त्या रेघेचा लंबदुभाजक (मधोमध काटकोनात छेदणारी रेघ) काढला. तो किरणाला छेदतो तिथे अ. लंबदुभाजकावरचा बिंदू, म्हणजे अक आणि अड सारखेच, म्हणून अब आणि अक मिळून बड, म्हणजे ९! अब मोजली तर पावणेचारच्या जवळ. हिशेबाने बरोब्बर ३.७५. शाळेत नुसत्या पायऱ्या पाठ केल्या होत्या. तुमचेही किस्से लिहा, फजितीचे आधी.

नौपाडा
आकृती छान दिसावी म्हणून मी कंपासचे सगळे कंस खोडले होते. चारपैकी एक गुण. "कंस नाहीत म्हणजे मोजून काढलंस." अजून राग आहे, पण बाईंचं बरोबर होतं.

ऐरोली
बांधकामातला माणूस. आमचा कंपास म्हणजे खिळा आणि टेप. चार फुटांची रेघ, एका टोकावरून ३ चा कंस, दुसऱ्यावरून ५ चा. छेदले तो बिंदू ३ वाल्या टोकाला जोडला की त्या टोकावर काटकोन. खोली मोठी असली की ६-८-१० धरतो. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) हातभर, त्यातली केसभर चूक वीस फुटांवर बोटभर होते, आणि मग लादीवाला शिव्या घालतो. दोरी वापरू नका, ताणते.

कळवा
शिकवणी घेतो. दरवर्षी मुद्दाम ३, ५ आणि ९ बाजूंचा त्रिकोण देतो. ९ च्या पायावर कंस भेटतच नाहीत, ३ आणि ५ मिळून ८ च. एकाने गुपचूप कंपास जरा जास्त उघडला. "सर, जुळवला!"

कोपरी
पाडव्याच्या आदल्या रात्री आई रांगोळीसाठी समभुज त्रिकोण काढते. दोरी पायाएवढी, दोन्ही टोकांवरून खडूने कंस, झालं. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातली पहिली रचना हीच. आईला सांगितलं तर म्हणाली, "बरं, आता दोरी नीट धर."

वाशी
कंपासचा स्क्रू ढिला असेल तर पेन्सिलीला कागदाची घडी लावा. निम्मी भूमिती तिथेच सुटते.

कोपरखैरणे (धागाकर्ती)
आज परिमितीवालं आहे, परिमिती आणि पायाचे दोन कोन दिलेले. परिमितीएवढी रेघ पफ काढून दोन्ही टोकांना निम्मे कोन घ्यायचे, किरण भेटतात तिथे अ. निम्मे का?

कळवा
अप चा लंबदुभाजक पफला छेदतो तो ब. म्हणून बप आणि बअ सारख्या, त्रिकोण अपब समद्विभुज. ब चा कोन त्याचा बाह्यकोन, म्हणजे प च्या दुप्पट. दुसऱ्या टोकाला क चंही तसंच. लेकीलाच विचारा, तिला आधीच माहीत असेल.